निळ्यावर निळाच उतारा

ऑक्सिजन लावलेला आहे, फुप्फुसं ठीक आहेत, तरी ओठ आणि नखं निळीच. बोटावरचं ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडून बसलेलं. सिरिंजमध्ये ओढलेलं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी, हवा लागली तरी लाल न होणारं. एवढं दिसलं की डॉक्टरांना मेथहिमोग्लोबिनेमियाची, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडल्याची, शंका येते. मग शिरेतून जे औषध देतात, ते मिथिलीन ब्लू असतं शाईसारखं गडद निळं. निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध टोचायचं आणि तो गुलाबी व्हायचा, हे ऐकताना कुणी थट्टा करतंय असंच वाटतं.

हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस रूपात असतं तोवर ते ऑक्सिजन उचलतं आणि पोचवतं. त्याचा एक इलेक्ट्रॉन गेला की ते फेरिक होतं, आणि मग ते ऑक्सिजन घेईनासं होतं. शेजारचं चांगलं लोहही मग आपला ऑक्सिजन सहजी सोडत नाही. अशा बिघडलेल्या हिमोग्लोबिनला 1864 मध्ये जर्मनीच्या फेलिक्स होप-सायलर यांनी मेथहिमोग्लोबिन हे नाव दिलं. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात ते टक्काभर असतंच. तांबड्या पेशीतलं एक विकर (एन्झाइम) त्याची रोजच्या रोज दुरुस्ती करतं. प्रमाण 70 टक्क्यांपुढे गेलं तर जीव वाचणं अवघड.

औषधाची गोष्ट सुरू होते ती मात्र कापडाच्या रंगापासून. 1876 मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीत हाइनरिश कारो यांनी मिथिलीन ब्लू तयार केला. डांबरापासून काढलेल्या अॅनिलीनच्या कुळातला हा रंग. जर्मन डॉक्टर पॉल एरलिश यांनी तो पेशी रंगवायला वापरला. हिवतापाचे जंतू हा रंग शोषतात, मग तोच पाजून जंतू मारता येतील का, असा विचार करून 1891 मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी तो रुग्णांना दिलाही. प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन जंतूंवर औषध म्हणून वापरण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न.

गंमत अशी की रंगांच्या कारखान्यात अॅनिलीन हाताळणारे कामगारच निळे पडत. अॅनिलीन कातडीतून आत शिरतं आणि रक्तात मेथहिमोग्लोबिन वाढवतं. त्यावर 1930 च्या दशकात मिथिलीन ब्लू वापरला गेला. विष ज्या घरचं, उताराही त्याच घरचा.

तो काम कसा करतो, याचा उलगडा झाला आयर्लंडमध्ये. तिथले डॉक्टर जेम्स डीनी यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मापासून निळ्या असलेल्या दोन भावांना क जीवनसत्त्व दिलं आणि त्यांचा रंग पालटला. बेलफास्टच्या क्वेंटिन गिब्सन यांनी 1948 मध्ये दाखवलं की अशा घराण्यांत दुरुस्ती करणारं विकरच कमी असतं. पेशीत दुरुस्तीची आणखी एक आडवाट असते, पण एरवी तिच्यावर वर्दळ नसते. मिथिलीन ब्लू त्या वाटेवरचा हमाल: तिथून इलेक्ट्रॉन उचलायचा आणि लोहाला नेऊन द्यायचा.

या जन्मजात निळेपणाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागातलं. ट्रबलसम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी फ्यूगेट कुटुंबाच्या वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या निळी माणसं जन्मत होती. रस्ते नाहीत, माणसं मोजकी, लग्नं नात्यातच. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तविकारतज्ज्ञ मॅडिसन कॅवाइन तिथे पोचले. निळ्या माणसाला निळं इंजेक्शन देतो म्हटल्यावर घरच्यांना डॉक्टरचंच डोकं फिरलंय असं वाटलं असेल तर नवल नाही. काही मिनिटांतच निळाई ओसरली. पुढे रोजच्या गोळ्या सुरू झाल्या.

जन्मजात प्रकार विरळाच. बाहेरून ओढवणारा मात्र आपल्या ओळखीचा आहे. 1945 मध्ये आयोवातल्या हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि निळी पडणारी तान्ही बाळं यांचा संबंध दाखवला. भारतात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक विहिरी-बोअरचं पाणी ती ओलांडतं.

डोस किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम, सावकाश. जास्त झाला तर हेच औषध उलट मेथहिमोग्लोबिन वाढवतं. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातली निळी बाटली म्हणजे हे औषध नव्हे, हेही सांगायला हवं. कोरोनाच्या 2021 च्या लाटेत मिथिलीन ब्लू पिण्याचे सल्ले मोबाइलवर फिरत होते. जी6पीडी हे विकर कमी असेल तर ती आडवाटच बंद असते, आणि औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात. पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते.

असंच निळं पाडणारं आणखी एक विष म्हणजे नायट्रोबेंझीन. अॅनिलीन बनतं ते त्याच्यापासूनच. आपल्याकडे ते पिकाला फुलं धरावीत म्हणून फवारायच्या औषधांत असतं. ते पोटात गेलेला रुग्ण पहिल्या इंजेक्शनने गुलाबी होतो, पण चरबीत साठलेलं विष पुन्हा हळूहळू रक्तात उतरतं. काही तासांनी ओठ परत निळे पडतात आणि दुसरा डोस भरावा लागतो.