न्यूयॉर्क ते लंडन, ४ तास ५६ मिनिटं

रात्रीच्या फ्लाइटमध्ये मला झोप लागत नाही, मग मी समोरच्या स्क्रीनवर मॅप लावून बसतो आणि आकडे बघत राहतो. एकदा अटलांटिकवरून पूर्वेकडे येत होतो, ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या मानाने विमानाचा वेग, ताशी ९१० किमी दाखवत होता, थोड्या वेळाने ९८०, मग १,०५०, आणि शेवटी १,१२० च्या आसपास जाऊन तो आकडा स्थिरावला. खाली बारीक अक्षरात टेलविंड, म्हणजे मागून येणारा वारा, २१०. समोरच्या ट्रेवर पाण्याचा ग्लास होता, त्यातलं पाणी जराही हललं नाही, इंजिनाची घरघर पण तीच, तशीच. आपल्याला काहीच जाणवलं नाही आणि विमान मात्र ताशी दोनशे किमीने जोरात निघालं होतं! हे नक्की कसं होतं ते तेव्हापासून डोक्यात बसलंय, आणि जितकं वाचत गेलो तितकं ते जास्तच भारी वाटत गेलं.

या विषयातली सगळ्यात गाजलेली फ्लाइट ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्रीची. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघालं आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी याच रूटला हवेत सहा-साडेसहा तास सहज जातात. त्या रात्री अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ घोंघावत होतं, त्याच्यामुळे वरचा वारा प्रचंड जोरात होता, आणि विमानाचा ग्राउंड स्पीड एका टप्प्यावर ताशी १,३२७ किमीपर्यंत गेला. त्याच रात्री व्हर्जिन अटलांटिकचं एअरबस ए३५० सुद्धा याच वाटेने आलं आणि त्याला जेमतेम एक मिनिट जास्त लागलं. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी विमानं, त्यातलं एक जुन्या डिझाइनचं चार इंजिनांचं आणि दुसरं अगदी नवं, आणि वेळ जवळपास सारखाच! रेकॉर्ड खरं तर कोणाचं होतं ते इथेच कळतं.

आता १,३२७ हा आकडा ऐकला की लगेच प्रश्न येतो, की अरे आवाजाचा वेग तर समुद्रसपाटीला ताशी १,२२५ किमी असतो, मग हे विमान सुपरसॉनिक झालं का? नाही झालं. विमानाला जमीन माहीतच नसते, त्याला फक्त आजूबाजूची हवा माहीत असते. पंखांवरून हवा किती वेगाने वाहते, त्यावर ते उडतं, आणि नाकाजवळ लावलेली पिटो ट्यूब नावाची बारीक नळी मोजते ती सुद्धा समोरून येणाऱ्या हवेचा दाबच. हवेच्या मानाने असलेल्या या वेगाला एअरस्पीड म्हणतात. ११ किमी उंचीवर हवा साधारण उणे ५६ डिग्री असते आणि इतक्या थंडीत आवाजाचा वेग उतरून ताशी १,०६० च्या आसपास येतो, ही मोठी विमानं त्याच्या ८५ टक्क्यांनी उडतात, म्हणजे हवेच्या मानाने साधारण ताशी ९००. त्या रात्री सुद्धा ते विमान हवेतून तितक्याच वेगाने जात होतं. वरचे सुमारे ४०० किमी आले वाऱ्याकडून.

नदीत पोहणारा माणूस डोळ्यासमोर आणा. प्रवाहाबरोबर पोहताना काठावरची झाडं सपासप मागे जातात, पण त्याच्या हातांना पाणी नेहमीइतकंच जड लागतं. काठावर उभं राहून बघणारा म्हणतो काय जोरात पोहतोय, आणि पोहणारा म्हणतो मी तर रोजच्यासारखेच हात मारतोय. दोघंही खरं बोलताहेत. माझ्या ग्लासातलं पाणी हललं नाही ते यामुळेच, सगळी हवाच आम्हाला उचलून पुढे चालली होती.

ही वजाबाकी खरी आहे का ते तपासायला एक छान उदाहरण आहे. १८ फेब्रुवारी २०१९ ला लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेलं एक बोइंग ७८७ विमान पेनसिल्व्हेनियावर असताना ताशी १,२८९ किमीला पोचलं. त्यातून ९०० वजा केले तर वारा येतो ३९० च्या आसपास. आणि त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरून हवामान खात्याने रोजचा बलून सोडला होता, त्याने वर वारा मोजला ताशी ३७२ किमी, तिथल्या अनेक दशकांच्या नोंदींतला सगळ्यात जोराचा. विमान आणि बलून यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गणित जुळतं.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम, मराठीत झोतवारा असाही छान शब्द आहे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, काहीशे किमी रुंद, जाडीला काही किमी, आणि लांबी मात्र हजारो किमी, अशी ही हवेची नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, नागमोडी वळणं घेत. ती तयार कशी होते? विषुववृत्ताकडची हवा गरम, म्हणून फुगलेली, ध्रुवाकडची थंड, म्हणून दबलेली. त्यामुळे दहा किमी उंचीवर जाऊन बघितलं तर गरम बाजूला दाब जास्त आणि थंड बाजूला कमी असतो, मग हवा ध्रुवाकडे निघते, पण पृथ्वी फिरतेय म्हणून ती सरळ जाऊ शकत नाही, उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे, म्हणजे दोन्हीकडे पूर्वेलाच. जमिनीपासून जितकं वर जाल तितका हा दाबातला फरक साठत जातो, म्हणून वारा वर वाढत जातो आणि ट्रोपोपॉजजवळ, जिथे ढगांचं जग संपतं, तिथे सगळ्यात जोराचा होतो. आणि योगायोग असा की जेट विमानांना उडायला हीच उंची सगळ्यात परवडते.

हिवाळ्यात ध्रुवाकडचा भाग अंधारात गोठतो आणि गरम-थंड यातला फरक वाढतो, म्हणूनच ही रेकॉर्ड्स बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. तारखा बघा ना, फेब्रुवारी २०१९, फेब्रुवारी २०२०, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला जाणारी एक फ्लाइट पुन्हा ताशी १,२९० किमीच्या आसपास गेली. कॉन्कॉर्ड तर स्वतःच आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, पण त्याचं न्यूयॉर्क-लंडनचं २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांचं रेकॉर्ड ७ फेब्रुवारी १९९६ चं, आणि तेव्हा त्यालासुद्धा मागून ताशी २८० किमीचा वारा होता.

या नदीचा शोध कसा लागला ती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात छोटे हायड्रोजनचे फुगे सोडायचे. पद्धत अगदी साधी. फुगा सोडायचा, थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, आणि ठरावीक वेळाने कोन लिहीत जायचं, फुगा बारीक होत होत दिसेनासा होईपर्यंत. फुगा किती वेगाने वर चढतो ते माहीत असतं, त्यामुळे कोनावरून तो किती वाहून गेला आणि त्यावरून वारा किती, हे निघतं. हिवाळ्यातल्या काही दिवशी नऊ किमीच्या आसपास त्यांना वारा मिळाला सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किमी! त्या काळात असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ओइशींनी हजाराच्या वर निरीक्षणं गोळा केली आणि १९२६ मध्ये रिपोर्ट छापला, आणि तो जगभरच्या लोकांना वाचता यावा म्हणून चक्क एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. हेतू किती चांगला होता, पण जगभरच्या हवामानवाल्यांपैकी एस्पेरांतो येणारे कितीसे असणार, त्यामुळे जपानबाहेर तो जवळजवळ कोणी वाचलाच नाही.

मग नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं टोकियोवर गेली तेव्हा त्यांना हा वारा अचानक भेटला. वाऱ्याबरोबर त्यांचा ग्राउंड स्पीड ताशी ७०० किमीच्या वर गेला आणि इतक्या वेगात बॉम्ब नेम धरून टाकणं जमेना. त्याच महिन्यात जपानने याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले कागदी फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडायला सुरुवात केली, एकूण नऊ हजारांच्या वर. या वाऱ्याचा प्रवासासाठी उपयोग व्हायला १९५२ उजाडलं. १८ नोव्हेंबरला पॅन ॲमचं विमान टोकियोहून होनोलुलूला साडेसात किमी उंचीवरून या झोतात शिरून गेलं आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला.

पण मधल्या काळात, १९४७ मध्ये, एक फार वाईट घटना घडली. २ ऑगस्टला स्टार डस्ट नावाचं प्रवासी विमान ब्युनोस आयर्सहून सॅन्तियागोला निघालं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, मध्ये अँडीज पर्वत, खाली सगळे ढग. ते ज्या उंचीवर उडत होतं तिथे बहुधा जेट स्ट्रीम समोरून येत होती. हवेतला वेग काट्यावर बरोबर दिसत होता, घड्याळाप्रमाणे पर्वत मागे पडायला हवा होता, म्हणून त्यांनी विमान खाली घ्यायला सुरुवात केली. पण पर्वत अजून खालीच होता! तुपुंगातो शिखराजवळच्या हिमनदीत ते गडप झालं, अकराही जण गेले, आणि अवशेष सापडायला पन्नास वर्षं लागली. विमानातल्या काट्याला वारा कळत नाही, हे वाक्य वाचताना साधं वाटतं, पण त्या अकरा जणांसाठी तेवढंच सगळं होतं.

आज सॅटेलाइट आहेत, जीपीएस आहे, आणि हजारो विमानं उडताना स्वतः मोजलेला वारा आणि तापमान खाली पाठवत असतात. अटलांटिकवर तर रोज वारा बघून नवे रस्ते आखतात, नॉर्थ अटलांटिक ट्रॅक म्हणतात त्यांना. पूर्वेकडे जाणारे ट्रॅक झोताच्या आत बसवायचे आणि पश्चिमेकडे जाणारे त्याला चुकवून. कालचा रस्ता आज नसतो, आणि वारा चांगला असेल तर नकाशावर लांबचा दिसणारा रस्ता वेळेत आणि इंधनात स्वस्त पडतो. टेलविंड भरपूर असेल तर विमान थोडं हळू उडवून इंधन वाचवणं सुद्धा परवडतं, कारण वारा तसाही वेळेवर नेऊन पोचवणार असतो.

या झोतात एक धोका आहे, तो म्हणजे त्याच्या कडा. मधला भाग शांत असू शकतो पण कडेला थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग झपकन बदलतो, तिथे हवा घुसळते, ढगांचा पत्ता नसतानाही विमानाला दणके बसतात आणि रडारवर काही दिसत नाही. रेडिंग युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवलं की उत्तर अटलांटिकवर असा तीव्र टर्ब्युलन्स १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढलाय. बेल्ट बांधून ठेवा असं सांगतात ते खरंच ऐका, साइन बंद असली तरी.

आणि परतीचं काय? बऱ्याच जणांना वाटतं जाताना जेवढं वाचलं तेवढंच येताना गेलं, हिशोब बरोबर. तसं होत नाही. न्यूयॉर्क-लंडन साधारण ५,५५० किमी धरा, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर एका बाजूला ६ तास १० मिनिटं, जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटं. आता २०० चा वारा घ्या. जाताना ११०० ने ५ तास ३ मिनिटं, येताना ७०० ने ७ तास ५६ मिनिटं. जाताना वाचला तास-सव्वा तास, येताना गेले पावणेदोन तास, बेरीज जवळजवळ १३ तास. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून राहता, म्हणजे नुकसान करणारा वारा तुम्हाला फायद्याच्या वाऱ्यापेक्षा जास्त वेळ भेटतो. हवामान बदलामुळे हा झोत जोर धरत गेला तर एकट्या अटलांटिकवरची विमानं मिळून वर्षाला सुमारे २,००० तास जास्त हवेत राहतील असा अंदाज २०१६ मध्ये रेडिंगच्याच पॉल विल्यम्स यांनी मांडला होता. पूर्वेकडची रेकॉर्ड्स मोडत राहतील आणि तरी एकूण इंधन जास्तच जळेल.

हिवाळ्यात काही लहान जेट विमानं युरोपहून पश्चिमेकडे जाताना समोरच्या वाऱ्याने इतकी दमतात की इंधन पुरत नाही, मग कॅनडात गँडर किंवा गूज बे इथे उतरून टाकी भरून पुढे जावं लागतं. त्या प्रवासात परतताना मी पुन्हा तोच मॅप लावला होता. विमान वाऱ्याला टाळत पार ग्रीनलंडच्या टोकापर्यंत वर गेलं होतं, समोरचा वारा, म्हणजे हेडविंड, तरीही ११० होता, ग्राउंड स्पीड ७९०, आणि अजून पाच तास बाकी होते.