‘मेण’ नावाचा गुंता: सुगंधी मेणबत्तीतल्या वातीची पार्श्वभूमी

एकाच मापाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत एकाच गुंडाळीतली वात लावा आणि एकाच बाटलीतलं सुगंधी तेल घाला. एकीत पॅराफिन ओता, दुसरीत सोया मेण. पॅराफिनच्या बरणीत दोन-तीन तासांत कडेपर्यंत मेण वितळतं आणि खोलीभर वास पसरतो. सोयाच्या बरणीत तीच वात मधोमध विहीर खणत खाली जाते, नाहीतर वितळलेल्या मेणात बुडून विझते. घरी मेणबत्त्या करणारा इथे वातीला दोष देतो आणि एक नंबर मोठी वात मागवतो. उपाय बरोबर आहे. पण मोठी वात का लागली, हे कळायला ‘मेण’ या शब्दाखाली काय काय गोळा झालं आहे, ते पाहावं लागतं.

मराठीत मेण म्हणजे मुळात मधमाशीचं. मेणबत्ती, मेणकापड हे शब्द तिथूनच आले. हे मेण प्रामुख्याने लांब साखळ्यांची आम्लं आणि तशाच लांब साखळ्यांची अल्कोहोलं यांच्या जोडणीतून बनतं आणि साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. रसायनशास्त्र ज्याला काटेकोरपणे मेण म्हणतं, ते हेच. पॅराफिन म्हणजे खनिज तेलातून निघणारे सरळ साखळीचे हायड्रोकार्बन. त्यात ऑक्सिजनचा अणूसुद्धा नसतो. आणि सोया मेण? ते हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल आहे. म्हणजे ट्रायग्लिसराइड, चरबीच्या घराण्यातलं. दुकानात तिन्ही एका फळीवर असतात आणि तिन्हींना आपण वॅक्स म्हणतो, पण वातीतून वर चढताना तिघांची चाल वेगळी असते.

यातली चरबी सगळ्यात जुनी. गुराढोरांच्या चरबीच्या बत्त्या शतकानुशतकं जळल्या. त्या धुरकट होत्या, उन्हाळ्यात वाकायच्या आणि विझवताना उग्र वास मारायच्या. त्या वासाचा मोठा भाग चरबीतल्या ग्लिसरीनमुळे यायचा. ते तापून फुटलं की नाका-डोळ्यांना झोंबणारं अॅक्रोलीन तयार होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची जोडणी असते, हे दाखवून दिलं. ग्लिसरीन वेगळं काढून उरलेल्या घट्ट आम्लांपासून, म्हणजे स्टिअरिनपासून, बत्ती करण्याचं पेटंट १८२५ मध्ये घेतलं गेलं. आजही पॅराफिनमध्ये चमचाभर स्टिअरिक आम्ल घालणारे अनेकजण आहेत. ते याच शोधाचा वारसा वापरत असतात.

त्याच सुमाराला फ्रान्समध्येच वातीत झालेला बदल मला याहून मोठा वाटतो. जुनी वात पिळलेल्या सुताची असायची. ती ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राहायची आणि तिथे हवा पुरेशी पोचत नसल्याने पूर्ण जळायची नाही. तिच्यावर काजळी साठायची आणि ती थोड्या थोड्या वेळाने कात्रीने खुडावी लागायची. वेणीसारखी विणलेली चपटी वात ताणामुळे जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेर येतं आणि हवेत जळून राख होतं. सुताला बोरिक आम्लासारखी रसायनं पाजली की राखही वितळून निघून जाते. मेण कितीही शुद्ध असलं तरी या विणीशिवाय घरात न खुडता तासनतास जळणारी मेणबत्ती शक्य झाली नसती. तरी कोणत्याही माहितीपत्रकात मेणावर चार परिच्छेद आणि वातीवर एक ओळ असते.

पॅराफिन १८३० च्या आसपास प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं आणि १८५० च्या दशकात बाजारात आलं. ते स्वस्त, पांढरं आणि स्वतःचा वास नसलेलं होतं. उष्णतेने लवकर मऊ पडायचं, म्हणून त्यात स्टिअरिन मिसळू लागले. बत्त्या साच्यात ओतून दट्ट्याने बाहेर ढकलणारं यंत्र १८३४ पासून होतंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचा दिवा आला आणि मेणबत्तीचं उजेड देण्याचं काम हळूहळू संपलं.

उजेडाचं काम संपलं आणि वासाचं सुरू झालं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सुगंधी मेणबत्तीची मागणी झपाट्याने वाढली आणि घरी मेणबत्ती करण्याची रीतही बदलली. आधी घरगुती काम म्हणजे साच्यातले खांब आणि बुडवून केलेल्या उंच बत्त्या. त्यासाठी कडक मेण लागतं. सुगंधी तेल मात्र मेणाला मऊ करतं आणि जास्त घातलं तर थेंबाथेंबाने बाहेर येतं, म्हणजे मेणबत्तीला घाम फुटतो. शिवाय वास ज्योतीतून येत नाही, वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून उडतो. पृष्ठभाग जितका मोठा, तितका वास जास्त. म्हणून बरणी आली. बरणीत मेण मऊ असलं तरी चालतं, उलट ते हवंच असतं. त्यामुळे पॅराफिनमध्ये पेट्रोलियम जेली मिसळून काचेला चिकटून बसणारी, कमी अंशाला वितळणारी मिश्रणं केली जाऊ लागली. ‘हॉट थ्रो’ आणि ‘कोल्ड थ्रो’, म्हणजे जळताना येणारा आणि न पेटवता येणारा वास, ही भाषा याच सुगंधी बरणीभोवती रुळली.

सोया मेण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आकाराला आलं. मधमाशीच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधताना ते हाती लागलं. तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करण्याचं तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं, त्यामुळे रसायनात नवं फार नव्हतं. प्रश्न प्रमाणाचा होता. सोयाबीनचं तेल पूर्ण घट्ट केलं तर कडक, ठिसूळ आणि जवळपास ७० अंशांना वितळणारं होतं. अर्धवट ठेवलं, किंवा घट्ट भागात तेल मिसळलं, तर ४६ ते ५४ अंशांच्या दरम्यान वितळणारं, बरणीला साजेसं मेण मिळतं. मात्र चरबीचे स्फटिक एकाच घडणीत राहत नाहीत, दिवसेंदिवस रूप बदलत जातात. पृष्ठभागावर उमटणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी, म्हणजे फ्रॉस्टिंग, तिथून येते. सोयाच्या मेणबत्त्या ओतून आठवडा-दोन आठवडे ठेवायच्या, या प्रथेचाही स्फटिकांच्या या बदलाशी संबंध जोडला जातो.

म्हणजे इतिहासाने वळसा घेतला. १८२५ मध्ये ज्या ग्लिसरीनची मेणबत्तीतून हकालपट्टी झाली, ते वनस्पतीच्या वाटेने परत आलं. आज त्याचा त्रास जाणवत नाही, कारण तेल आता खूप शुद्ध केलेलं असतं आणि विणलेली वात मेण नीट जाळून टाकते. पण वितळलेलं ट्रायग्लिसराइड वितळलेल्या पॅराफिनपेक्षा दाट असतं आणि वातीतून सावकाश चढतं. सुरुवातीच्या दोन बरण्यांचं कोडं इथे सुटतं. सोयाला मोठी वात लागते, कारण जुन्या अर्थाने ते मेण नाहीच.

हा शब्दांचा कीस आहे असं कुणाला वाटेल. पण याच शब्दावरून अमेरिकेत एक सरकारी निर्णय झाला आणि त्यावर न्यायालयात भांडण झालं, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

१९८६ मध्ये अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या मेणबत्त्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं, म्हणजे आपल्या बाजारात पडेल भावाने माल ओतला जाऊ नये म्हणून घेतलेला कर. आदेशाचे शब्द ठरलेले होते: पेट्रोलियम मेणापासून केलेल्या, धाग्याची किंवा कागदी गाभ्याची वात असलेल्या, सुगंधी अथवा बिनसुगंधी मेणबत्त्या. खांब, उंच बत्त्या, बरण्या असे नेहमीचे आकार त्यात आले. शुल्काचा दर ५४.२१ टक्के होता, पुढे तो १०८.३० टक्क्यांवर गेला. एवढ्या कराखाली पळवाट शोधली जाणारच होती. निम्म्याहून अधिक पाम किंवा अन्य वनस्पती मेण आणि उरलेलं पॅराफिन, अशा मिश्रणाच्या मेणबत्त्या येऊ लागल्या. आयात करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: आदेश पेट्रोलियम मेणाबद्दल आहे आणि आमच्या मालात ते निम्म्याहून कमी आहे.

२००६ मध्ये सरकारचा निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. अशा मिश्र मेणबत्त्या ‘नंतर विकसित झालेला माल’ आहेत आणि म्हणून जुन्या आदेशाखालीच येतात, असं ठरवण्यात आलं. वाद ‘नंतर’ या शब्दावर पेटला. वनस्पती तेलाचं मेण मिसळण्याची कल्पना १९८६ च्या आधीच माहीत होती, तर माल नंतरचा कसा? उत्तर असं दिलं गेलं की कल्पना माहीत असणं पुरेसं नाही, माल व्यापारी प्रमाणात बाजारात उपलब्ध होता का, ते पाहायचं. अपिलातल्या न्यायालयाने २०१० मध्ये ही कसोटी मान्य केली.

व्यापारी कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्याजोगा आहे. वापर तोच, गिऱ्हाईक तेच, मग कर चुकवू देऊ नये, असं त्यामागचं तर्कशास्त्र. तरी मला तो खटकतो. ज्या पिंपात निम्म्याहून जास्त चरबीच्या जातीचा पदार्थ आहे, त्याला पेट्रोलियम मेणबत्तीचा भाऊबंद मानायचं, तर मेण हा शब्द फक्त ‘जे बरणीत जळतं ते’ एवढाच उरतो. घरगुती करणाऱ्याला या कराशी देणंघेणं नाही. पण ‘ब्लेंड’ हा शब्द आज ज्या सैलपणाने वापरला जातो, तोच सैलपणा इथे दिसतो. ‘सोया ब्लेंड’ म्हणजे निम्म्याहून अधिक सोया, अशी व्यापारातली सर्वसाधारण समजूत आहे. उरलेलं काय, हे पाकिटावर बहुधा नसतं. नेमकं त्या उरलेल्यावर वातीचा नंबर ठरतो.

याच काळात मेणाच्या वादाला आरोग्याचा रंग चढला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून पॅराफिनच्या धुराबद्दल धोक्याचा इशारा आला आणि सोया विकणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं जाहिरातीत वापरला. त्याआधी २००७ मध्ये मेणबत्ती उद्योगाच्या पैशावर झालेल्या तपासणीत वेगवेगळ्या मेणांच्या धुरात मोठा फरक आढळला नव्हता. दोन्हीकडे आपापले हितसंबंध आहेत. जे घरी स्वतः पाहता येतं, ते एवढंच: वात गरजेपेक्षा मोठी असेल, कापलेली नसेल, तेल जास्त झालं असेल किंवा वाऱ्याच्या झोतात ठेवलं असेल, तर कोणतंही मेण काजळी धरतं. पाच-सहा मिलिमीटरवर कापलेली योग्य वात असेल, तर दोन्ही मेणं स्वच्छ जळतात.

वातीचा खरा आरोग्यप्रश्न वेगळा होता आणि तो सुटलेला आहे. बरणीतल्या खोल, मऊ मेणात सुती वात कलंडते, म्हणून तिच्या गाभ्यात धातूची तार घालत. ती कधी शिशाची असायची. शिसं साधारण ३२७ अंशांना वितळतं आणि जळत्या वातीतून हवेत मिसळतं. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९७४ मध्ये ते स्वेच्छेने सोडण्याचं मान्य केलं, तरी शिशाच्या वातीचा माल येतच राहिला. शेवटी २००३ मध्ये तिथे वजनाच्या ०.०६ टक्क्यांहून जास्त शिसं असलेल्या धातूच्या गाभ्यावर बंदी आली. एकोणतीस वर्षं लागली, आणि ती लागायला नको होती. आता तार असेल तर ती बहुधा जस्ताची असते. त्याशिवाय कागदी गाभ्याच्या, कागदी धागे विणलेल्या आणि फक्त सुताच्या वाती आहेत. लाकडी पट्टीची वातही गेल्या दोन-अडीच दशकांत रुळली. ती चटचट आवाज करत जळते, पण पट्टीची जाडी आणि मेण यांचा मेळ बसला नाही तर पेटतच नाही. जाडसर सोयात हा मेळ बसवणं विशेष कठीण जातं.

वातींचे नंबरही एकमेकांशी जुळत नाहीत. एका मालिकेतला दहा नंबर दुसऱ्या मालिकेतल्या दहाहून निम्मा असू शकतो. कुठे अंक जाडी सांगतो, कुठे विणीतले धागे, कुठे नुसताच क्रम. वापरणाऱ्यांना ठाऊक असलेला हा घोळ मिटवावा, असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

सुगंधी तेलाबाबत एकच गोष्ट सांगतो. तेलाच्या ‘फ्लॅश पॉइंट’पेक्षा गरम मेणात ते घातलं तर वास उडून जातो, अशी समजूत पक्की बसली आहे. तो अंक वाहतूक आणि साठवणीसाठी असतो. कोणत्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल, एवढंच तो सांगतो. वास त्याखालीही उडतो आणि त्यावर गेल्यावर एकदम संपत नाही. मेण पूर्ण पातळ असताना तेल घालून नीट ढवळणं महत्त्वाचं. मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के तेल बहुतेक मेणं पेलतात.

सध्या नारळ तेलाच्या मेणाची चलती आहे. ते इतकं मऊ असतं की एकटं क्वचितच वापरतात, त्यात सोया किंवा पॅराफिन घालतात. युरोपात मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं मेण वाढतं आहे. पामच्या मेणावर सुंदर स्फटिकांची नक्षी उमटते, पण जंगलतोडीच्या आरोपांमुळे त्याचे गिऱ्हाईक दुरावले. पॅराफिनच्या बाजूला बदल मूळ पुरवठ्यातच होतो आहे. जुन्या पद्धतीत वंगण तेल शुद्ध करताना मेण वेगळं निघायचं. नव्या पद्धतीचे शुद्धीकरण कारखाने त्या मेणाचंही वंगणात रूपांतर करतात, त्यामुळे मेण उरतच नाही. म्हणून पाकिटातली मिश्रणं बदलत राहतात, कधी नाव न बदलता, आणि गेल्या वर्षी बसलेली वात त्याच बरणीत, त्याच नावाच्या मेणात यंदा पुन्हा जाळून पाहावी लागते.