चंबळ अभयारण्यात पाणी आणि गाळाचे नमुने घेण्याची परवानगी : अर्ज नेमका कुठे अडतो

बटागुर कचुगा हे अतिसंकटग्रस्त कासव आज प्रामुख्याने राष्ट्रीय चंबळ अभयारण्यातच टिकून आहे. म्हणूनच तेथील पाणी आणि गाळ नियमित तपासला जाणे अत्यंत गरजेचे आहे आणि त्यासाठीचे अर्ज टाळता येण्याजोग्या त्रुटींमुळे परत यावेत, याचे वाईट वाटते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 नुसार वैज्ञानिक संशोधनासाठी प्रवेशाची परवानगी त्या त्या राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. विद्यार्थ्यांनी संस्थेमार्फत अर्ज करावा. संशोधनाचा आराखडा, संस्थेचे पत्र आणि पथकातील सर्वांची ओळखपत्रे सोबत जोडावीत; नावाडी आणि मदतनीस यांनाही त्यात धरावे.

पहिली अडचण हद्दीची आहे. हे अभयारण्य राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले असून लांब अंतरापर्यंत नदी हीच राज्यांची सीमा आहे. भोपाळहून मिळालेली परवानगी मध्य प्रदेशच्या, उदाहरणार्थ मुरैनाच्या, काठापुरती असते. समोरच्या धौलपूरच्या काठावर उतरायचे असेल तर जयपूरला आणि इटावाच्या बाजूला काम असेल तर लखनौला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. एकाच नदीच्या एकाच अभ्यासासाठी तीन कार्यालयांचे उंबरठे झिजवायला लावणारी ही व्यवस्था बदलायला हवी, परंतु तोपर्यंत नमुन्याचे प्रत्येक ठिकाण अक्षांश-रेखांशासह आणि कोणत्या राज्याच्या हद्दीत आहे ते स्पष्ट लिहून नकाशावर दाखवावे.

दुसरी अडचण गाळाची आहे आणि बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते येथेच. अर्जात केवळ ‘जलगुणवत्ता अभ्यास’ असे लिहिले जाते आणि गाळाचा उल्लेखही नसतो. वास्तविक वनातील पृष्ठभागावरची माती ही कायद्याच्या व्याख्येनुसार वनोपज आहे आणि अभयारण्यातून वनोपज हलवण्याचा प्रश्न कलम 29 च्या कक्षेत येतो. म्हणून किती ठिकाणांहून, किती खोलीवरून आणि एकूण किती किलो गाळ घेणार, तो कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि उरलेल्या नमुन्याचे काय करणार, हे अर्जातच नमूद करून त्यासाठी वेगळी परवानगी लागेल का, याची लेखी विचारणा करावी. कासव पकडून रक्ताचा नमुना घ्यायचा असेल तर मात्र कलम 12 खालील परवानगी लागते आणि अनुसूची 1 मधील, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांसाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती आवश्यक असते. हा विषय गाळाच्या अर्जात मिसळू नये.

तिसरी बाब वेळापत्रकाची. मार्चपासून या कासवाच्या माद्या वाळूच्या पट्ट्यांवर अंडी घालतात आणि मे-जूनमध्ये पिल्ले बाहेर येतात. पावसाळ्यापूर्वीचे नमुने हवे असतील तर ते पट्ट्यांवर न उतरता होडीतून, नदीच्या तळातून घेतले जातील, असे आराखड्यात स्पष्ट लिहावे. परवान्याची मुदत त्यावर छापलेल्या तारखांनीच मोजली जाते, आपण काम सुरू केल्याच्या दिवसापासून नव्हे.

अभयारण्यात वाळू उपशाला बंदी आहे. त्यामुळे गाळाच्या पिशव्या घेऊन निघताना परवान्याची प्रत प्रत्येक वाहनात ठेवावी आणि प्रत्येक पिशवीवर ठिकाण, तारीख व परवाना क्रमांक लिहावा.