ऐकून काढलेले प्राणी, पाहून काढलेले प्राणी

मुलांना निसर्गाची ओळख करून देणाऱ्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १६५८ सालापासून सुरुवात करतात, आणि ते रास्तच आहे. मोरावियातून परागंदा व्हावे लागलेले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचे 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस' हे पुस्तक त्या वर्षी न्यूरेंबर्गला छापून निघाले. दीडशे धडे, धड्यागणिक लाकडी ठशाचे चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि तेच आकडे लॅटिन व जर्मन मजकुरात. शिकवायचे होते लॅटिन. पण शब्द घोकण्याआधी मुलाने वस्तू डोळ्यांनी पाहावी, हा कोमेनियसांचा हट्ट. त्यापायी अग्नी, ढग, धातू, झाडे, पक्षी, मासे असा सगळा पसारा ओळीने पुस्तकात आला.

गंमत म्हणजे डोळ्यांवर एवढी भिस्त ठेवणाऱ्या या पुस्तकात रानटी जनावरांच्या रांगेत युनिकॉर्नही, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला काल्पनिक घोडाही, उभा आहे. सापांच्या धड्यात पंखवाला ड्रॅगन आहे, आणि नुसत्या नजरेने जीव घेणारा बॅसिलिस्कही. यात कोमेनियसांना दोष देण्यात अर्थ नाही. दूरदेशीच्या जनावराचे चित्र म्हणजे आधीच्या चित्राची नक्कल, अशीच तेव्हा रीत होती. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा काढला तो स्वतः न पाहता, लिस्बनहून आलेल्या वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून. त्याने गेंड्याच्या मानेमागे एक छोटे जादा शिंग बसवले, आणि ते शिंग पुढे दोनशेहून अधिक वर्षे या पुस्तकातून त्या पुस्तकात जात राहिले. मला तरी या सगळ्या इतिहासात दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. चित्रकाराने ते जनावर पाहिले होते का? आणि पाहिलेले पानावर उतरेपर्यंत त्याला मध्ये किती जणांचे हात लागले?

लंडनच्या थॉमस बोरमनने १७३० मध्ये तीनशे प्राण्यांच्या वर्णनाचे पुस्तक खास मुलांसाठी काढले. तेही जुन्या ग्रंथांतून वेचलेले, चित्रेही त्याच वळणाची. त्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात वाढलेल्या थॉमस ब्यूइक नावाच्या मुलाला ती चित्रे आवडली नाहीत. आपण याहून चांगली काढू, असे त्याला शाळेत असतानाच वाटले होते आणि पुढे आत्मचरित्रात त्याने ते नोंदवून ठेवले. वाईट पुस्तकाने चांगल्या पुस्तकाला जन्म द्यावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

ब्यूइकचे चतुष्पाद प्राण्यांवरचे पुस्तक १७९० मध्ये आले, आणि पक्ष्यांचे दोन भाग १७९७ व १८०४ मध्ये. त्याची खरी करामत कोरणीत होती. तांब्याच्या पत्र्यावरची चित्रे नाजूक उठत, पण त्यांत शाई खाचांमध्ये भरावी लागे, तर अक्षरांच्या खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या ठशांना, ती वरच्या पृष्ठभागावर लागते. म्हणून ताम्रपटाचे चित्र वेगळ्या यंत्रावर छापले जाई. वेगळे पान, वेगळा खर्च. जुने लाकडी ठसे खिळ्यांबरोबर छापता येत, पण उभ्या फळीवर सुरीने कापलेले ते ठसे ओबडधोबड. ब्यूइकने बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे दाट आणि टणक बाजूवर, ताम्रपट कोरणाऱ्यांची हत्यारे चालवली. त्यामुळे पिसापिसाची रेघ आली आणि चित्र मजकुराच्या शेजारीच बसले. रेखाटणारा आणि कोरणारा बहुतांशी तो स्वतःच. आधी तो पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढत असे. त्यांची ठेवण खोटी दिसते हे लक्षात आल्यावर ताज्या मारलेल्या पक्ष्यांकडे वळला. परदेशी प्राण्यांसाठी मात्र त्यालाही दुसऱ्यांच्या चित्रांचाच आधार घ्यावा लागला, आणि तो फरक पाने उलटताना जाणवतो. १८४७ च्या 'जेन आयर' कादंबरीत पहिल्याच प्रकरणात खिडकीच्या कोनाड्यात बसलेली पोरकी मुलगी वाचते ते ब्यूइकचे पक्ष्यांचेच पुस्तक.

ब्यूइकचे पहिले पुस्तक आले त्याच १७९० साली जर्मनीतल्या वायमारमध्ये बेरटुख या प्रकाशकाने मुलांसाठी चित्रसंग्रह हप्त्याहप्त्याने काढायला घेतला. तो चाळीस वर्षे चालला, बारा खंड झाले. ताम्रपटावरची, हाताने रंगवलेली देखणी चित्रे. साहजिकच खात्यापित्या घरांसाठी. एकोणिसाव्या शतकात छपाई स्वस्त झाली, रंग आले, पुस्तकांचा पूर आला. त्यातली बरीच ईश्वराच्या कर्तृत्वाचे गोडवे गाण्यासाठी लिहिलेली असल्याने बेडूकसुद्धा नीतिपाठ देतो. तो काळ मी फारसा उगाळत नाही.

पुढची खरी उडी विसाव्या शतकातली. १९२० नंतर लेनिनग्राडमध्ये लिथोने, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून, छापलेली स्वस्त, पातळ, रंगीत बालपुस्तके मोठ्या संख्येने निघू लागली. पक्षीतज्ज्ञाचा मुलगा असलेल्या विताली बिआंकीचे 'लेस्नाया गाझेता' (जंगलाचे वर्तमानपत्र) १९२८ मध्ये आले. त्यात वर्षभराचे जंगल वर्तमानपत्राच्या रूपात आहे, तारा (टेलिग्राम) आणि बातम्यांसकट. आणि हे वर्ष सुरू होते वसंतसंपातापासून. त्याच काळातल्या चित्रकार येवगेनी चारुशिनने काढलेली पिल्ले पाहिली की केसाळ अंगाला हात लावावासा वाटतो.

ही सोव्हिएत पुस्तके इंग्लंडमध्ये नोएल कॅरिंग्टन या संपादकाच्या पाहण्यात आली. त्यातूनच १९४० मध्ये, ऐन युद्धात, पेंग्विनची 'पफिन पिक्चर बुक्स' निघाली, किंमत सहा पेन्स. इथे चित्रकार थेट छपाईच्या पत्र्यावरच काढत. मधला नकलाकार गेला, खर्चही उतरला. त्याच वर्षी कागदटंचाईत लेडीबर्ड या बालपुस्तकांच्या प्रकाशनाने चाळीस बाय तीस इंची एकाच कागदात छप्पन्न पानांचे पुस्तक बसवले. या ठरीव आकारात १९५९ ते १९६१ दरम्यान चार ऋतूंची चार पुस्तके आली, चित्रे चार्ल्स टनिक्लिफची. हा माणूस मेलेले पक्षी मापे घेऊन हुबेहूब चितारून ठेवी. पण पुस्तकात पक्षी सुटा दिसत नाही. तो नांगरलेल्या शेतात, गोठलेल्या डबक्याकाठी, कुंपणात असतो. कोणता जीव कुठे आणि केव्हा शोधायचा, हे मुलाला चित्रातच कळते.

१९८८ मध्ये डॉर्लिंग किंडर्सलीच्या 'आयविटनेस' मालिकेने हे सगळे उलटे केले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर अंडे, पीस, कवटी यांची लख्ख छायाचित्रे आणि भोवती छोट्या टिपा. नक्कल करणारा हात तर पूर्णच गेला. घुबडाचे पीस इतक्या जवळून मुलांना पूर्वी कधी पाहायला मिळाले नव्हते. पण त्या पांढऱ्या जागेत घुबडाचे रान उरले नाही, आणि ही किंमत मला थोडी जास्त वाटते. अलीकडे संग्रहालयातल्या जुन्या तक्त्यांसारखी हाताने काढलेली मोठाली पुस्तके पुन्हा दिसू लागली आहेत, त्यांतही जीव पुष्कळदा सुटेच असतात.

डायनोसॉरची गोष्ट निराळी, कारण तो कुणीच पाहिलेला नाही. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत इग्वानोडॉन या डायनोसॉरचे पुतळे नाकावर शिंग लावून उभे राहिले. १८७८ मध्ये बेल्जियमच्या कोळसा खाणीत सबंध सांगाडे मिळाले, तेव्हा ते शिंग नसून अंगठ्याचा काटा निघाला. शेपटी फरफटणारे सुस्त डायनोसॉर तर १९६९ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रमने डाइनोनायकस या चपळ डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतरच हळूहळू मागे पडले. १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढे आला, आणि २०१० मध्ये त्यातल्या रंगकणांच्या अवशेषांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस पट्टे असावेत असा निष्कर्ष निघाला. तोवर डायनोसॉरचा रंग सर्वस्वी चित्रकाराच्या मर्जीवर होता.