टोक काढताना शिसं का तुटतं?

आमच्या शार्पनरबद्दल सर्वात जास्त येणारी तक्रार एकच: ‘टोक येतं आणि आतच तुटतं.’ दोष पेन्सिलीला दिला जातो. कधी कधी तो तिचा असतोही. हातातून पडलेल्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत तीन-चार ठिकाणी मोडलेलं असतं, मग शार्पनर कितीही चांगला असो. पण पेन्सिल धड असूनही टोक तुटत असेल, तर कारण बहुतेक वेळा त्या एवढ्याशा पात्यात सापडतं.

सुताराचा रंधा पाहिला असेल, तर शार्पनर कळायला वेळ लागत नाही. रंध्याच्या बुडातून पातं केसभर बाहेर डोकावतं आणि फळीची पातळ साल काढतं. शार्पनरमध्ये सपाट बुडाऐवजी शंकूच्या आकाराचं भोक असतं, एवढाच फरक. पातं या भोकाच्या एका बाजूला स्क्रूने आवळलेलं असतं आणि त्याची धार भोकात किंचित आत येते. ती जेवढी आत, तेवढी साल जाड. शंकूचा जो कोन, तोच टोकाचा. लिहायच्या पेन्सिलीला साधारण २० ते २५ अंश पुरतात. रंगीत पेन्सिलीचं शिसं मेणामुळे मऊ असतं, तिला याहून थोडं रुंद टोक मानवतं.

धार थोडी जास्त आत आली तर काय होतं, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या एका खेपेत पाती नीट बसली नव्हती. साल जाड निघायची, पेन्सिल अडायची, जोर लावला की टोक कडकन मोडायचं. ती सगळी खेप परत घ्यावी लागली. तेव्हापासून प्रत्येक खेपेतले काही नग पेन्सिल घालून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाहीत.

आता धार कशी जाते ते पाहा. पेन्सिलीतल्या ज्या कांडीला आपण सवयीने शिसं म्हणतो, तिच्यात शिसं हा धातू नसतोच. ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून, भट्टीत भाजून ती कांडी बनते. भाजलेली माती पात्याला झिजवते, लाकूड त्या मानाने फारच सौम्य. म्हणजे पात्याची सगळी धार सारखी जात नाही. भोकाच्या निमुळत्या बाजूला, जिथे कांडी कापली जाते, तिथली आधी जाते. वरच्या बाजूला लाकूड छान सोललं जातं, साल लांबलचक निघते, म्हणून पातं चांगलं आहे असं वाटतं. इकडे टोकाशी मात्र कापणं थांबून नुसतं खरवडणं चाललेलं असतं.

तपासायचं असेल तर नवं टोक उजेडात धरा. लाकडाचा भाग गुळगुळीत आणि शिशावर मात्र ओरखडे, टवके दिसले, तर पातं बदलायला झालं. लाकूडही कुसळं निघाल्यासारखं दिसत असेल तर बदलायला उशीरच झाला. पात्याला घरी धार लावू नका. घासून पातं अरुंद होतं, धार मागे सरते आणि शार्पनर कापायचाच बंद होतो.

पातं उच्च कार्बनच्या कडक केलेल्या पोलादाचं असतं. धार चांगली धरतं, पण ओलाव्याने गंजतं. आमच्या साध्या शार्पनरची बॉडी प्लास्टिकची आहे. धातूच्या प्रकारात पितळ आणि मॅग्नेशियमचा मिश्रधातू असे दोन पर्याय आहेत. पितळ जड, हातात घट्ट बसतं. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं. ते पोलादाच्या आधी स्वतः गंजतं, त्यामुळे ओलावा लागला तरी पातं बरंच वाचतं. हाच शार्पनर व्हिनेगरमध्ये टाकला तर बॉडीवरून हायड्रोजनचे बुडबुडे फसफसत येतात. रसायनशास्त्राच्या तासाला गंमत म्हणून ठीक आहे, शार्पनर मात्र त्यातून परत येत नाही. मॅग्नेशियमची बॉडी पाण्यात, विशेषतः मिठाच्या पाण्यात, ठेवू नका आणि कानसीने घासू नका. तिचा कीस सहज पेट घेतो.

हँडलवाल्या टेबल-शार्पनरचं काम वेगळं. तिथे पेन्सिल स्थिर राहते आणि तिरकस दात्यांचे दोन रोलर स्वतःभोवती फिरत फिरत तिच्याभोवतीही फिरतात. म्हणून लांब साल निघत नाही, बारीक चुरा पडतो. शिशाला पीळ कमी बसतो. रोज ढीगभर पेन्सिली असतील तर हाच घ्या, असं आम्ही सांगतो.

टोक काढायच्या साधनाचं पेटंट फ्रान्समध्ये बर्नार लासिमोन यांनी १८२८ मध्ये घेतलं. हँडल फिरवायच्या, साली आतच साठवणाऱ्या छोट्या शार्पनरचं पेटंट अमेरिकेत जॉन ली लव्ह यांना १८९७ मध्ये मिळालं.

वापरताना पेन्सिल आत दाबू नका, फक्त फिरवा. ओढायचं काम पातं करतं. डावखुऱ्यांसाठी पातं उलट्या बाजूला बसवलेला शार्पनर मिळतो, मागितल्यास देतो. रंगीत पेन्सिलीचं मेण पात्याला चिकटलं, तर मध्येच एखाद्या साध्या पेन्सिलीला टोक काढून घ्या, पातं बरंच साफ होतं.

नवं पातं घ्यायला याल तेव्हा जुनं सोबत आणा, कागदात गुंडाळून. सगळी पाती एका मापाची नसतात आणि स्क्रूचं भोक जुळलं नाही तर हेलपाटा तुमचाच होतो.