पार्श्वभूमी: १:१ चा वाद आणि 'मॅक्रो' नावाचा घोळ

कीटक आणि कोळ्यांच्या फोटोखाली 'मॅक्रो' हा शब्द इतक्या सहज पडतो, की त्याच्या अर्थावरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे हे नव्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. भांडण आहे १:१ या प्रमाणाचं. ६ मिमीचा उड्या मारणारा कोळी फिल्मवर किंवा सेन्सरवरही ६ मिमीच उमटला तर तो मॅक्रो, हा जुना दंडक. त्याच्या अलीकडचं सगळं नुसतं क्लोज-अप.

हा दंडक सुरुवातीपासूनच सैल होता. ३५ मिमी एसएलआरसाठीची (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यासाठीची) पहिली मॅक्रो लेन्स युरोपात १९५५ मध्ये आली. तिची एक आवृत्ती १:१ गाठायची, दुसरी १:२ वरच थांबायची. पुढच्याच वर्षी जपानमध्ये कांजी लिपीतले दस्तऐवज मायक्रोफिल्मवर उतरवण्यासाठी एक लेन्स निघाली. कामावरून तिचं नाव 'मायक्रो' पडलं आणि ती कंपनी मॅक्रो लेन्सवर आजही तेच छापते. मराठीत 'सूक्ष्म छायाचित्रण' म्हणावं, तर सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटोही त्यातच येतात.

खरा घोळ घातला झूम लेन्सनी. जेमतेम १:४ गाठणाऱ्या झूमवरही 'मॅक्रो' छापलं जाऊ लागलं. १:४ म्हणजे ३६ × २४ मिमीच्या चौकटीत १४४ × ९६ मिमीचा भाग, साधारण आपल्या पोस्टकार्डाएवढा. फुलपाखरू त्यात झकास बसतं. आपला कोळी मात्र दीड मिलिमीटरचा ठिपका होतो आणि त्याच्या डोळ्यांची मांडणी हरवते. ही निव्वळ विक्रीसाठी केलेली ओढाताण होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिजिटल काळात १:१ चा दंडक न मानणाऱ्यांनाही एक चांगला मुद्दा मिळाला. १७.३ मिमी रुंदीच्या सेन्सरवर १:२ ने फोटो घेतला, तर चौकटीत ३४.६ मिमीचा भाग येतो. फिल्मवर १:१ ला यायचा जवळपास तेवढाच. मग हा मॅक्रो का नाही? प्रश्न रास्त आहे. मोबाइलच्या इवल्याशा सेन्सरला तर १:१ चा हट्ट धरणंच चुकीचं. म्हणून आता बरेच जण प्रमाणाऐवजी चौकटीत किती मिलिमीटर मावले ते लिहितात.

१:१ च्या पुढे जाणारे पूर्वी बेलोज किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारा घडीचा भाता किंवा पोकळ नळी), नाहीतर उलटी लावलेली ५० मिमी लेन्स यांवर भागवत. १९९९ मध्ये थेट १ ते ५ पट मोठं दाखवणारी लेन्स आली आणि कीटकवाल्यांचं जग बदललं. अडचण उरली फोकसच्या खोलीची. लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं लहान केलं तरी १:१ वर जेमतेम १ मिमी फोकसमध्ये राहतं, चौपटीवर ०.१५ मिमी. डोळे टिपावेत तर पाय धूसर. त्यातून फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेले अनेक फोटो एकत्र जोडणं आलं, आणि त्यासोबत मेलेले किंवा फ्रीजमध्ये गारठवलेले किडे वापरण्याची सवयही. पहाटेच्या दवात गारठून बसलेला चतुर तासभर हलत नाही. तिथे थांबायची तयारी हवी.

पावसाळ्यात सह्याद्रीत मोबाइलला क्लिप-ऑन भिंग लावून फिरणारे आता पुष्कळ झालेत. त्यांच्या फोटोंवरून ओळख विचारली जाते तेव्हा हा जुना घोळ पुन्हा आडवा येतो. डोळ्यांच्या मांडणीवरून कोळ्याचं कुळ कळू शकतं, जातीसाठी मात्र बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली जननांग तपासावे लागतात. त्याआधी लांबी तरी कळायला हवी. न कापलेल्या फोटोखाली 'चौकटीची रुंदी २४ मिमी' लिहिलेलं असेल तर ती मोजता येते. नुसतं 'मॅक्रो' लिहिलेलं असेल तर नाही.