कँडिडेट (शब्दव्युत्पत्ती)

निवडणुकीला, परीक्षेला किंवा एखाद्या पदासाठी उभ्या असलेल्या व्यक्तीला इंग्रजीत ‘कँडिडेट’ म्हणतात. सुमारे १६०० पासून इंग्रजीत रुळलेला हा शब्द लॅटिनमधील ‘कान्दिदातुस’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘शुभ्र वस्त्र ल्यालेला’ असा आहे. मराठीतील ‘उमेदवार’ या फार्सी शब्दात जशी आशा आहे, तसा या शब्दात केवळ पेहराव आहे.

पांढऱ्या रंगासाठी लॅटिनमध्ये दोन शब्द होते. ‘आल्बुस’ म्हणजे साधा, निस्तेज पांढरा आणि ‘कान्दिदुस’ म्हणजे डोळ्यांत भरणारा, चकाकता पांढरा. रोमन नागरिकाचा लोकरीचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र, मुळात मळकट पांढऱ्या रंगाचा असे. सार्वजनिक पदासाठी मते मागणारा मात्र तो खडूने घासून उजळवीत असे, म्हणजे गर्दीतही तो लांबून ओळखू येई. हा शुभ्रपणा निष्कलंक चारित्र्याचे प्रतीक होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण रोमनांनी स्वतः त्याकडे तितक्या भाबडेपणाने पाहिलेले दिसत नाही. प्रचारासाठी वस्त्राला पांढरा रंग देऊ नये, असा कायदा इ.स.पू. ४३२ च्या सुमारास झाल्याचे इतिहासकार लिव्ही सांगतो, तर उपहासकार पर्सिअस ‘खडू फासलेल्या’ महत्त्वाकांक्षेची थट्टा करतो. महत्त्वाकांक्षेला इंग्रजीत असलेला ‘अँबिशन’ हा शब्दही मते मागत फिरण्याच्या याच रोमन प्रथेतून आला आहे.

‘कान्दिदुस’च्या मुळाशी ‘चकाकणे, पांढरेशुभ्र तापणे’ या अर्थाचा ‘कान्देरे’ हा धातू आहे. मेणबत्तीसाठीचा ‘कँडल’ आणि झुंबरासाठीचा, फ्रेंचमार्गे आलेला ‘शँडेलिअर’ हे त्याच कुळातले. ‘कँडिड’ हा शब्द इंग्रजीत प्रथम पांढऱ्या रंगासाठी वापरला गेला आणि पुढे ‘निष्कपट, मोकळा’ या अर्थावर स्थिरावला, त्यामुळे प्रत्येक कँडिडेट कँडिड असतोच असे नाही, हा विनोद इंग्रजीला आयताच मिळाला.

संस्कृत आणि लॅटिन या एकाच, इंडो-युरोपीय कुळातील भाषा; संस्कृतातील ‘चंद्र’ हा शब्दही याच इंडो-युरोपीय धातूशी जोडला जातो. त्याचे ‘श्चन्द्र’ हे जुने रूप ऋग्वेदात आढळते आणि ‘हरिश्चंद्र’ या नावातील ‘श्’ हा त्याचाच अवशेष आहे. पाणिनीच्या काळापर्यंत मात्र ते रूप इतके मागे पडले होते की, त्याला या नावाची उपपत्ती लावण्यासाठी वेगळे सूत्र करावे लागले.